आत्याबाईच्या मिशा आणि वाशीतले पाच दिवस

आमच्या शाळेतल्या शिक्षिकांचा एक हस्तलिखित अंक दर वर्षी निघतो आणि त्यात कुणी ना कुणी प्रवासवर्णन लिहितंच. आजवर काशी झाली, उटी झाली, अष्टविनायक तर तीनदा झाले. यंदा माझी पाळी. मी वाशीला जाऊन आले. मुंबईच्या अलीकडं, खाडीच्या या काठाला सरकार नवी मुंबई वसवतंय, त्यातलं हे वाशी. तिथं बघण्यासारखं काय आहे, असं आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं. मी म्हटलं, एक बँड होता. वरातीतला नव्हे, गाण्याचा. सात महिने जगला, तीन कार्यक्रम केले आणि संपला. तिसरा कार्यक्रम मी पहिल्या रांगेत बसून पाहिला.

ज्यांच्याबद्दल लिहायचं त्यांना आधी विचारावं म्हणून भाचीला पत्र टाकलं. उत्तर आलं, ‘लिहायचं तर नावानिशी लिही. आम्ही लपवलं नाही, तू कशाला लपवतेस?’ तेव्हा लिहिते आहे. ज्यांना वाचवणार नाही त्यांनी पानं उलटावीत. पुढं लोणच्यांच्या पाककृती आहेत.

मंगळवार, वाशी

मी काही हवा खायला गेले नव्हते. मला अण्णानं धाडलं होतं. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. वडील लवकर गेले, त्यानंच मला शिकवलं, आणि शेहेचाळिसाव्या वर्षीही मी त्याच्याच घरात माडीवर राहते. त्याची मुलगी नंदिनी, म्हणजे आमची नंदू, तीन वर्षांपूर्वी तुर्भ्याच्या एका कंपनीत टायपिस्ट म्हणून लागली आणि वाशीला राहू लागली. सांगलीकडचं एक स्थळ सांगून आलं होतं. मुलगा साखर कारखान्यात केमिस्ट. मंडळी रविवारी चार वाजता कराडला मुलगी बघायला येणार होती, आणि नंदू अण्णाच्या दोन पत्रांना उत्तर देत नव्हती. अण्णा म्हणाला, ती तुझंच ऐकते, तू जा आणि येताना तिला घेऊनच ये. घेऊन येते, असा मी शब्द दिला.

एसटीच्या प्रवासाचं काही सांगत नाही. पुणं सोडल्यावर मला डोळा लागला तो घाट उतरून पनवेल आल्यावर उघडला. वाशीला उतरले तर रस्ते आमच्या बाजारपेठेच्या चौपट रुंद आणि त्यावर माणूस नाही. खाडीचा खारट वारा, त्यात कारखान्यांचा औषधासारखा वास. कराडात पत्ता सांगताना आपण मारुतीच्या मागं, पिंपळाच्या समोर असं सांगतो. इथं गल्लीला नाव नाही, पेठेला नाव नाही. सेक्टरला नंबर, इमारतीला नंबर, खोलीला नंबर, आणि सगळ्या इमारती एका साच्यातल्या गणपतीसारख्या सारख्या.

व्हायचं तेच झालं. मी एका घराची कडी वाजवली. दार उघडणाऱ्या बाईनं तोंड भरून या म्हटलं, पाणी दिलं, बसवलं. मला वाटलं ही नंदूबरोबर राहणारी मैत्रीण. तिनं विचारलं, पोळ्या मऊ होतात ना? प्रश्न जरा लवकर आला असं वाटलं, पण होतात म्हटलं. घरात किती जणांच्या करता, कणीक आदल्या दिवशी तर नाही ना मळत, अशा दहा मिनिटं आमच्या छान गप्पा झाल्या. मग ती म्हणाली, उद्या सहाला या. तेव्हा कळलं की तिनं पोळ्यांसाठी बाई सांगितली होती आणि ती म्हणजे मी. नंदूचं घर शेजारच्या इमारतीत निघालं. पंचवीस वर्षं मराठी व्याकरण शिकवल्यावर माझ्या चेहऱ्यावर पोळ्याच दिसाव्यात, याचं मला दिवसभर वाईट वाटत होतं.

खरं दार सुजातानं उघडलं. सव्वीसेक वर्षांची, बारीक, केस मुलासारखे कापलेले. टेलिफोन खात्यात ऑपरेटर आहे. घर मूळचं परभणीकडचं, वडील बौद्ध वस्तीतल्या गायन पार्टीत पेटी वाजवायचे. फळीवर बुद्धाची लहानशी मूर्ती होती. तिनं चहा आणून समोर धरला आणि माझा हात क्षणभर अडखळला. दर वर्षी मी समतेवरचे चाळीस निबंध तपासते, आणि माझा हात अडखळला. चहा मी घेतला, चांगला होता, पण तो क्षण तिनं पाहिला होता. त्याची लाज मला अजून वाटते म्हणून इथं लिहिते.

भिंतीवर आपण कॅलेंडर लावतो तिथं विजेवरची गिटार टांगलेली होती, आणि तिच्या शेजारी पांढऱ्या पुठ्ठ्यावर लाल रंगानं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘आत्याबाईच्या मिशा’.

आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, ही म्हण मी जन्मभर ऐकत आले आहे. मी सायकल शिकते म्हटलं तेव्हा ऐकली, वेगळी खोली घेऊन राहते म्हटलं तेव्हाही ऐकली. आता भाचीच्या भिंतीवर वाचली आणि माझा पारा चढला. तेवढ्यात नंदू कामावरून आली. मी पिशवी खाली ठेवायच्या आधी विचारलं, हे काय?

ते आमच्या बँडचं नाव, ती म्हणाली. ती गाते, सुजाता गिटार वाजवते, तुर्भे गावातला हरेश म्हणून एक मुलगा ड्रम वाजवतो. आणि हसत म्हणाली, ‘तुझ्यावरूनच ठेवलंय. लोक म्हणायचे ना, असत्या तर, असत्या तर. आम्ही म्हटलं, आहेतच मिशा, काय करता?’

मी तिला सांगलीच्या स्थळाचं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं, ताटं घेतली, वरणभात वाढला, आणि पहिला घास घ्यायच्या आधी म्हणाली, ‘आत्या, मी समलिंगी आहे. सुजातापण. आम्ही मैत्रिणी म्हणून राहत नाही, संसार करतो. हरेशचंही तसंच, त्याला पुरुष आवडतात. आम्ही विचारलं की सांगतो. अण्णा विचारत नाहीत म्हणून राहिलं.’

हा शब्द मी आयुष्यात एकदाच वाचला होता, डी.एड.ला, मानसशास्त्राच्या पुस्तकात, विकृतींच्या यादीत. परीक्षेला येत नाही म्हणून बाईंनी ते पान सोडायला सांगितलं होतं. आता ते पान समोर बसून मला लोणचं वाढत होतं. मला राग आला, भीती वाटली, आणि खरं सांगते, सगळ्यात आधी अण्णाचा चेहरा डोळ्यांसमोर आला. मी म्हटलं, बॅग भर, उद्या निघायचं.

नंदू लहानपणापासून हट्टी, पण घासाघीस चांगली करते. म्हणाली, शनिवारी पाच वाजता सोसायटीच्या हळदीकुंकवाला आमचा कार्यक्रम आहे. तो होऊ दे. तू बघ. नंतर तू म्हणशील तसं करीन. चल म्हणालीस तर रविवारच्या पहिल्या गाडीनं तुझ्याबरोबर येईन, पाटावर बसेन. पण आधी बघ. मुलगी एवढं पणाला लावतेय म्हटल्यावर मी हो म्हटलं. खोलीत एकच पलंग होता. तो त्यांनी मला दिला आणि दोघी खाली सतरंजीवर झोपल्या.

बुधवार, तुर्भे गाव

तुर्भे म्हणजे कारखाने, ट्रक आणि धूळ असं मी समजत होते. पण कारखान्यांच्या मधोमध जुनं आगरी गाव आहे, कौलारू घरांचं. आजूबाजूची भातशेती सरकारनं घेतली, गाव तेवढं राहिलं. नंदू कामावर आणि सुजाताची दुपारची पाळी, म्हणून हरेश मला घरी घेऊन गेला. तेवीस वर्षांचा पोरगा, खांद्यानं रुंद, डोळ्यांत काजळ. सकाळी बर्फाच्या कारखान्यात लाद्या उचलतो आणि लग्नसराईत हळदीला ढोल बडवतो.

त्याच्या आईनं तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं कालवण वाढलं. निवटा हा मासा चिखलात सरपटतो आणि डोळे वर करून बघतो. आमच्याकडं कृष्णेचा मासा निदान पाण्यात तरी राहतो. मी ताटाकडं नुसती बघत राहिले तेव्हा हरेश म्हणाला, ‘खाऊन त बघ, आत्या. कोन मरत नाय त्यान.’ खाल्लं. दुसऱ्यांदा मागून घेतलं. त्यात चिंचेचा कोळ होता आणि असा तिखट रस्सा आम्हा देशावरच्या लोकांना सुद्धा दबकून खावा लागतो.

आगरी हळद आमच्यासारखी सकाळी पाच सुवासिनींत उरकत नाही. अख्खा गाव नाचतो. बँडचा दुसरा कार्यक्रम अशाच एका हळदीत झाला होता, हरेशच्या चुलतभावाच्या. पहिला एका कारखान्यात दसऱ्याच्या यंत्रपूजेला झाला, तिथं दीड गाण्यानंतर साहेबांनी मेन स्विच बंद केला. पण हळदीत त्यांची सगळी चार गाणी सात वेळा वाजवून घेतली आणि नवरदेवाच्या आजोबांनी नंदूला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. हे हरेशची आई सांगत होती. मी हळूच विचारलं, याच्या लग्नाचं काय? ती भाकरी थापत होती, हात थांबला नाही.

‘मना सगला ठाव हाय,’ ती म्हणाली. ‘जमीन गेली, त्याचा बाप गेला. ह्यो पोर खोटा बोलत नाय, तेवढा तरी राहला.’

परत येताना मला आमच्या भिंती आठवल्या. माझ्या शाळेत खरं बोलावं ही पाटी प्रत्येक वर्गात आहे.

गुरुवार, मिठागर

घरात वाजवलं की खालचे लोक काठीनं छत ठोकायचे, म्हणून तालीम खाडीकाठच्या एका बंद मिठागरात व्हायची. तिथं मजुरांसाठी बांधलेली पत्र्याची खोली रिकामी होती. बांधावरून जाताना माझा पाय घसरला आणि मी गुडघ्यापर्यंत चिखलात गेले. हरेशनं मला उचललं, चप्पल चिखलानं ठेवून घेतली. पातळाचा काठ वाळल्यावर मिठानं पांढरा आणि कडक झाला, वाजायला लागला.

आता त्यांच्या संगीताविषयी. सुजाताच्या ऑफिसातल्या एकीचा भाऊ बोटीवर असतो, त्यानं विलायतेहून कॅसेट आणल्या. तिकडची पोरं असं गातात, त्याला पंक म्हणतात. गिटार जुनी घेतलेली, आणि आवाज मोठा करायला सुजातानं एक जुना रेडिओ उघडून त्यालाच तारा जोडल्या होत्या. ड्रम म्हणजे हरेशचा हळदीतला ढोल आणि तेलाचं अर्धं कापलेलं पिंप. वडिलांच्या गायन पार्टीत वाढलेल्या मुलीला सूर कळत नाहीत असं नव्हतं. मी विचारलं, मग असं बेसूर का? सुजाता म्हणाली, ‘आत्या, यात येत नसलं तरी वाजवायचं असतं. येईपर्यंत थांबलो तर आमचं ऐकणार कोण आणि कधी?’

पहिलं गाणं सोसायटीच्या फळ्यावरच्या सूचनांचं होतं. जिन्यात थांबू नये, गच्चीत पापड वाळवू नयेत, सायकली लावू नयेत, हे सगळं नंदू अशा आवेशात ओरडत होती की मला मुख्याध्यापिकाबाईंची आठवण झाली आणि हसू आलं. दुसऱ्या गाण्याला मात्र माझं हसू गेलं.

‘चालून दाखव! चालते.
वाचून दाखव! वाचते.
सुई ओवून दाखव! ओवते.
आता तुम्ही उठून दाखवा!’

एकोणिसाव्या वर्षापासून सत्ताविसाव्यापर्यंत मला चौदा वेळा दाखवलं. मी चालले, वर्तमानपत्र वाचलं, सुई ओवली, एकदा तर खोट्या केसांचा संशय आला म्हणून वेणी सोडून दाखवली. शेवटच्या वेळी निरोप आला की मुलगी हुशार आहे पण उग्र वाटते. त्यानंतर अण्णानं प्रयत्न सोडले. तेव्हा नंदू पाच वर्षांची होती आणि दाराआडून बघत असायची, हे मला ठाऊक नव्हतं. तिनं सगळं लक्षात ठेवलं होतं, सुईसकट.

मला रडू आलं. पत्र्याच्या खोलीत, अनवाणी, मिठानं कडक झालेल्या पातळात बसून मी रडले. नंदू जवळ येऊन बसली. थोड्या वेळानं मी म्हटलं, ‘वाचते’ म्हणताना तू घाई करतेस, थांबून म्हण. त्यांनी ते परत वाजवलं.

शुक्रवार, पुन्हा वाशी

शुक्रवारी दारात पाटकरबाई आल्या. सोसायटीच्या सेक्रेटरींच्या पत्नी, हळदीकुंकवाचं सगळं त्यांच्याकडं. मला बघून त्यांना आनंदच झाला. म्हणाल्या, तुम्हीच का आत्याबाई? वाटलंच. आणि उद्या प्रारंभी चार विनोदी वाक्यं बोला म्हणाल्या.

तेव्हा घोटाळा माझ्या ध्यानात आला. भिंतीवरचा पुठ्ठा त्यांनी एकदा पाहिला होता आणि ही बायकांची हसवणारी मंडळी असावी असं धरून चालल्या होत्या. नंदूनं गाणी आहेत, जोरात आहेत असं सांगितलं होतं. त्यावर त्या म्हणाल्या होत्या, हल्ली सगळंच जोरात असतं. आता खुद्द आत्या आल्यावर शंकेला जागाच उरली नाही.

मी खुलासा करू शकले असते. चौथीच्या पोरीनं अर्धं सत्य सांगितलं तर मी तिला वर्गाबाहेर काढते. पण मी पाटकरबाईंना म्हटलं, वाक्यं जमतील तशी बोलते. का म्हटलं ते मला तेव्हा कळलं नाही. कदाचित मला ते गाणं बायकांसमोर व्हायला हवं होतं.

संध्याकाळी नंदूनं मला पुलावर नेलं. खाडीपलीकडं मुंबईचे दिवे लागत होते. ती म्हणाली, उद्या मी स्टेजवरून सांगणार आहे. मी विचारलं, कशाला? तुम्ही सुखानं राहताय, कुणी काही विचारत नाही. ती म्हणाली, तेच तर टेन्शन आहे आत्या, कुणीच विचारत नाही. मी म्हटलं, साठ बायकांसमोर बोललीस तर ते कराडला पोचायला आठ दिवस लागणार नाहीत, मग अण्णा तोंड कुठं दाखवेल? परत येताना आम्ही भेळ खाल्ली. भेळेत त्यांनी कैरी घातली होती, जानेवारीत.

शनिवार, हळदीकुंकू

इमारतीच्या आवारात मांडव घातला होता. साठेक बायका, सगळ्यांच्या काळ्या साड्या, वाण म्हणून चहाची गाळणी. पाटकरबाई करंडा घेऊन रांगेनं येत होत्या. माझ्यापाशी आल्या, गळ्याकडं बघितलं, मंगळसूत्र दिसलं नाही, तेव्हा हात मागं घेतला आणि तिळगुळाची वडी दिली. यात त्यांची चूक नाही, आमच्याकडंही असंच करतात. दर संक्रांतीला कराडात मी दूध वाटायचं काम घेते, म्हणजे हा प्रसंग टळतो. इथं टळला नाही.

मी चार वाक्यं बोलले. चौथ्याला कुणी हसलं नाही. मग बँड सुरू झाला. फळ्यावरच्या सूचनांचं गाणं लागलं तशा बायका खो खो हसू लागल्या, कारण सूचना लिहिणारे पाटकरसाहेब मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते. दुसऱ्या गाण्याला मात्र कुजबुज झाली. चालून दाखव, चालते. वाचून दाखव, वाचते. मग मागून एका म्हातारीचा आवाज आला, ‘ओवते!’ पुढच्या फेरीला आणखी पाचसात जणींनी म्हटलं. तिसऱ्या फेरीला निम्मा मांडव उत्तरं देत होता आणि ‘आता तुम्ही उठून दाखवा’ला टाळ्या पडल्या. मी बायकांना इतक्या मोठ्यानं एकत्र ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. सुजाता वाजवता वाजवता हसत होती.

गाणं संपलं तसा पाटकरबाईंनी माईक हातात घेतला. म्हणाल्या, आता उखाणे. आणि पहिला मान पाहुण्या कलाकारांचा. नंदूकडं वळून म्हणाल्या, लग्न झालं नसलं तरी होणाऱ्याचं नाव घ्या, लाजू नका.

नंदूनं माझ्याकडं बघितलं आणि मला कळलं. एकदा नाव तोंडातून गेलं की अण्णाचा रविवार संपला, माझा शब्द संपला. मी उठले. तिचा हात धरून तिला खाली आणायचं, एवढंच डोक्यात होतं. दोन पावलं गेले असेन.

‘वाशीच्या खाडीवर विजेचे खांब,
सुजाताचं नाव घेते, आत्या, जरा थांब.’

मी थांबले.

एकदोघी हसल्या. आत्याबाईच्या मिशांचा विनोद असेल असं त्यांना वाटलं. नंदू म्हणाली, विनोद नाही हा. ही सुजाता, आम्ही दोघी नवराबायकोसारख्या राहतो, आणि तुम्ही नाव घ्या म्हणालात म्हणून घेतलं. पिंपामागून हरेश म्हणाला, ‘आनि मना बी बायको नको, नवरा पायजे.’ त्यावर पुन्हा कुणीतरी हसलं आणि मग कुणीच हसेना.

पाटकरसाहेबांनी माईक बंद केला. काही बायका मुलींचे हात धरून निघून गेल्या, काही वाण घ्यायला विसरल्या, काही मात्र रेंगाळल्या. पाटकरबाई खुर्चीवर बसून रडत होत्या आणि त्यांचं मला खरंच वाईट वाटलं. मागची ती म्हातारी माझ्याकडं आली. तुम्ही हिच्या कोण, तिनं विचारलं. आत्या, मी म्हटलं. म्हणजे बारशाला नाव तुम्हीच ठेवलंत, ती म्हणाली, आणि आपलं गाळणं उचलून घरी गेली.

वर आल्यावर नंदूनं कपाटावरची बॅग काढली. साड्या भरू लागली. सुजाता खिडकीशी पाठ करून उभी होती. नंदू म्हणाली, ‘तुला म्हटलं होतं, कार्यक्रम झाल्यावर तू म्हणशील तसं.’

साड्या मी बाहेर काढल्या. म्हटलं, ‘अण्णाला शब्द मी दिला होता. मोडायचा तर मी मोडीन, तू कशाला येतेस?’ नंदू माझ्या गळ्यात पडून रडली, पाच वर्षांची असल्यासारखी. मग सुजातानं चहा केला. तो मी तिच्या हातातून घेतला आणि दुसरा कपही मागितला.

त्यानंतर बँडचं काय झालं ते इथंच सांगून टाकते. आठ दिवसांत घरमालकानं खोली सोडायला सांगितली. दोघींनी तुर्भे गावात हरेशच्या घरामागं खोली घेतली. मार्चमध्ये हरेशला आखातात गाळ काढायच्या बोटीवर नोकरी मिळाली. ढोल गेला, आणि लगेच रेडिओही जळला. संपल्याची घोषणा कुणी केली नाही. सुजातानं मला लिहिलं, ‘बँड बंद आहे. आम्ही ठीक आहोत. मला तांदळाची भाकरी जमायला लागली.’ अण्णा माझ्याशी अजून कामापुरतंच बोलतो, पण परवा त्यानं तुर्भ्याचा नवा पत्ता माझ्या टेबलावरून उतरवून घेतलेला मी पाहिला. पत्र धाडलंय की नाही, ठाऊक नाही.

रविवार, कराड

पहिल्या गाडीनं निघाले ती तीन वाजता कराडला उतरले. वाटेत शंभर वाक्यं जुळवली होती. घरी आले तर मंडळी तासभर आधीच आलेली. बैठकीत मुलगा, त्याचे वडील, आई आणि आजी. वहिनी स्वयंपाकघरात पोह्यांवर खोबरं पेरत होती. अण्णानं माझ्या मागं दारात बघितलं, पुन्हा माझ्याकडं बघितलं. त्याला वाटलं असावं, नंदू मागून येतेय.

मी वहिनीच्या हातातून पोह्यांचा ट्रे घेतला आणि बैठकीत गेले. मला बघून मुलगा सावरून बसला, मग गोंधळला. ट्रे खाली ठेवून मी सांगितलं की नंदिनी आलेली नाही आणि येणार नाही, मीच तिला येऊ नको म्हटलं. तिनं आपला संसार मांडलाय, ती सुखात आहे, तुम्हाला हे आधी कळायला हवं होतं, त्याबद्दल मी हात जोडते. अण्णा उभा होता तो भिंतीला टेकला.

मुलाच्या आईनं बराच वेळ माझ्याकडं बघितलं. मग विचारायचं म्हणून विचारलं, ‘मुलगा काय करतो?’

‘मुलगा नाही,’ मी म्हटलं. ‘मुलगी आहे. सुजाता तिचं नाव. टेलिफोन खात्यात आहे.’

वहिनीच्या हातातलं भांडं आतल्या खोलीत पडल्याचा आवाज आला. मुलाचे वडील छताकडं बघू लागले. कुणी पोह्यांना हात लावेना. तेव्हा आजीबाईंनी हात पुढं करून एक बशी स्वतःकडं ओढली, एक घास खाल्ला, आणि मला विचारलं, ‘नोकरी कायम आहे का?’

‘हो,’ मी म्हटलं, ‘कायम आहे.’